उसनं विरजण

देवाची पूजा उरकली की बाबल गुरव रोज काचेला टिळा लावायला जायचा.

काच म्हणजे साधीसुधी खिडकीची नव्हे. माडवळच्या देवराईला लागून सिमेंटचा लांबलचक गोठा उभा होता आणि त्याची एक अख्खी भिंत बोटभर जाड काचेची होती. आत शाळग्या, देवाचा बैल. शाळिग्रामासारखा काळाभोर आणि गुळगुळीत, म्हणून शाळग्या. त्याच्या कपाळाला कुंकू लावायचं तर आत जायला हवं. आणि आत जायचं तर आधी आंघोळ, मग पांढरा झगा, पायांत पिशव्या, तोंडाला फडकं. एवढा सगळा खटाटोप करूनही कुंकू बाहेरच ठेवायचं, कारण कुंकवाची धूळ आत नको असा नियम. मग बाबलने आपली वाट शोधून काढली. बैलाचं कपाळ येईल त्या उंचीवर काचेलाच बोट टेकवायचं. शाळग्याही काय कमी बिलंदर! टिळा लागला की आतून यायचा, त्या लाल ठिपक्यामागं बरोब्बर कपाळ टेकवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुंकू कपाळालाच लागलंय.

त्या दिवशी मात्र तो आला नाही.

बाबलने काचेवर बोट वाजवलं. "शाळग्या, ये रे बाबा. कुकू सुकता बघ."

बैलाने मान वळवली. पुढचे पाय रोवले, अंग अर्धं उचललं आणि धपकन परत बसला. दुसऱ्या खेपेला उठला तेव्हा गुडघे लटपटत होते. डाव्या कुशीत बसवलेली रबराची गोल खिडकी, चांगली जेवणाच्या ताटलीएवढी, श्वासागणिक वरखाली होत होती. तो तसाच उभा राहिला, काचेकडे बघत. यायचं होतं त्याला. येववत नव्हतं.

"सांधे गेले त्याचे," मागून आवाज आला. डॉक्टर आग्नेस लोबो. वेंगुर्ल्याकडची बाई, गळ्यात बारीक क्रूस, पायात कायम गमबूट. हा सगळा कारखाना तिच्याच डोक्यातून निघालेला. "सहा वर्षां सिमेंटार उभो आसा तो, बाबलकाका. आणखी काय होतला?"

"मग मातीर सोड त्याका, डॉक्टरीणबाय."

"माझ्या हातात असतां तर कवाच सोडलेलंय." तिने चष्मा काढून पुसला. "उद्या पुण्यासून संस्थेचे साठेसाहेब येतहत. तुका देवाक कौल लावूचो लागतलो."

"कसलो कौल? एकदा दिलो ना देवान!"

"तो खिडकीचो होतो. ह्यो वेगळो."

आता हा कौल काय नि ही खिडकी कसली, ते आधी सांगायला हवं.

माडवळच्या देवराईतली वाळकी काडी उचलायची कुणाला मुभा नाही. देव गांगेश्वराची राई ती. पान पडलं तर तिथंच कुजायचं, झाड पडलं तर तिथंच आडवं. आत शिरायचा नि चरायचा हक्क एकट्याला, देवाला सोडलेल्या बैलाला. एक म्हातारा झाला की गावातलं कुणी नवसाचं दुसरं वासरू सोडायचं. त्याला वेसण नाही, जू नाही, दावं नाही. असं किती पिढ्या चाललं होतं, कोण जाणे.

आग्नेसबाई पहिल्यांदा आली ती राईच्या शिवेवरचा पाचोळा तपासायला. तपासता तपासता शाळग्याच्या शेणात पाय पडला आणि बाई तिथंच उकिडवी बसली. लोकांना वाटलं, घेरी आली. पण ती शेण हुंगत होती! एरवी गुराच्या पोटात चारा आंबतो, त्याचा वायू होतो आणि ढेकरातून वाया जातो. ह्या बैलाच्या पोटात भलतंच काही चाललं होतं. राईतली लाकडासारखी टणक पानं, साली, वेली खाऊन खाऊन त्याच्या पोटात एक नवाच जंतू तयार झाला होता. तो लाकूडही पचवायचा आणि पचवता पचवता वायूऐवजी वीज सोडायचा. सुईच्या टोकाएवढी, पण वीज.

गावकऱ्यांना हे समजवायला बाईने फळा आणला नाही की पडदा लावला नाही. देवळात बायकांना म्हणाली, "तुमी दही लावतास ना? दुधात विरजण घातलास की सगळां दूध दही होता. तसां ह्या बैलाच्या पोटातला विरजण आमी मोठ्या टाकयेत घालतलांव. टाकयेत घालूचा काय, तर भाताचा काड, काजीची टरफलां, नारळाची सोडणां. आणि वर येतली ती वीज."

बायकांना पटलं. पुरुषांना पटायला आठवडा गेला.

गावाला विजेची गरज तर जीव जाण्याइतकी होती. दोन वादळांत घाटावरून येणारी तार मोडली, ती परत उभी करायला कोणी फिरकलं नाही. कोळशाची वीज तर देशातच बंद पडलेली. सूर्याचे पत्रे चार महिने ढगाखाली झोपलेले. तशात टाक्या उभ्या राहिल्या आणि आठ गावांत दिवे लागले. नळाला पाणी आलं, बंदरावर बर्फाचा कारखाना आला, माडवळमध्ये दवाखाना झाला. धूर नाही, राख नाही, समुद्राला ताप नाही. बाहेरदेशचे लोक येऊन फोटो काढून गेले.

घोळ एकच होता. टाकीतलं विरजण पंधरवड्यात मरायचं. जंतूला जिवंत पोट लागे. म्हणून शाळग्याच्या कुशीला ती खिडकी पाडली, म्हणजे हात घालून ताजं विरजण काढता येईल. आणि ते घट्ट राहावं म्हणून त्याला राईच्या शिवेवरून आणून काचेआड ठेवलं. एकच चारा, एकच पाणी. बाहेरचं पान पोटात गेलं की विरजण पातळ व्हायचं आणि अर्धे दिवे जायचे.

दुसऱ्या वासरांच्या पोटात ते लावून बघितलं होतं. पोटं फुगली. एकही वाचलं नाही. तेव्हा आग्नेसबाई बाबलला म्हणाली होती, "त्यांका नावां नव्हती रे काका, नुसते नंबर. चर्चात मेणबत्ती लावूक गेलंय, तर नंबराक मेणबत्ती कशी लावतलंय? मग बसान एकेकाचा नाव ठेवलंय." त्यानंतर तिने दुसरं जनावर आणू दिलं नाही. आणि दर रविवारी शाळग्याच्या खिडकीला हात लावायचा नाही, असा नियम तिने केला. "आमच्या धा आज्ञांत बैलाकय सुट्टी आसा," म्हणायची. पुढं बर्फाचा दुसरा कारखाना आला आणि संस्थेने तो रविवारही काढून घेतला.

राहिला कौल. जनावरावर प्रयोग करायचा तर नीती समिती मालकाची संमती मागते. ह्याचा मालक कोण? सरपंच म्हणाले, देव. समितीवरचे साठेसाहेब म्हणाले, मग देवाची संमती आणा. थट्टेत म्हणाले की खरंच, ते त्यांनाच ठाऊक. पण माडवळात देवाची संमती आणणं काय अवघड नाही. गुरवाने देवासमोर गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गावाचं म्हणणं मोठ्याने मांडायचं. गुरवाचं एक वाक्य झालं की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. गाऱ्हाण्यात जे बोललं गेलं आणि ज्याला गावाने व्हय म्हटलं, ते गावाला बांधील. मग देवाच्या पाषाणाला दोन अंगांना दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. उजवी म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताची, पूर्वीपासून तसंच.

सहा वर्षांमागं उजवी पडली होती.

"आता काय विचारूचा देवाक?" बाबलने बाईला विचारलं.

तिने काचेकडे पाठ केली, जणू बैलाला ऐकू जाईल. "त्याका झोळयेत टांगतले. पाय भुयक लागाचे नाय. मानेतली नस बधिर करतले, म्हणजे हलूचो नाय. नळयेन खाणां, नळयेन पाणी. पोट तेवढां चालू. असो तो आणखी धा-बारा वर्षां जगतलो."

"जगतलो?" बाबल म्हणाला. "ह्येका जगणां म्हणतत?"

बाईने पुसलेला चष्मा परत पुसायला घेतला.

"आणि डावो पडलो तर?"

"तर कायद्यान हात लावूक येवचो नाय. हो म्हातारपणान जातलो, वर्षाभरात. टाकये बंद." तिने खाली बघितलं. "काका, आनंदीकाकीचा यंत्र..."

"म्हायत आसा माका," बाबल म्हणाला, आणि टिळ्याची ताटली उचलून चालायला लागला.

आनंदी म्हणजे बाबलची बायको. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा दवाखान्यातल्या यंत्राला तिला जोडायचे, रक्त बाहेर काढून गाळून परत आत. यंत्र चालायचं शाळग्याच्या विजेवर. दुसरं यंत्र घाटापलीकडे, आणि तिथं आधीच माणसांची रांग. आनंदी म्हणायची, "माझ्या नवऱ्यापेक्षा तो बैल बरो. तो माका उजेड तरी देता."

बाबल घरी आला तेव्हा ती पायरीवर पाय सोडून बसली होती. पाय सुजलेले, तोंड मात्र चालू.

"इलंस? पयलो तो टोप घे आणि पारूकडे जा. विरजण उसनां आणलेलांव, टोप चार दिस पडलोहा हय."

"मरांदे तो टोप."

"मरांदे कसो? आज माका परत विरजण होया. पयलो टोप परत केल्याशिवाय दुसऱ्यांदा त्याच दारात जातलंस? आणि रिकामो नेव नको, चार सुपाऱ्ये घाल त्यात. लोकांच्या घराकडसून आणतांव, देवळातसून फुकट नाय." मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालां?"

त्याने सांगितलं. सगळं, झोळीसकट. ती ऐकत होती आणि बोटाने सुजलेल्या पायावर खड्डे पाडत होती. खड्डा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा.

"तुका वाटत असात, मी म्हणतलंय, माझी काळजी करू नको," ती शेवटी म्हणाली. "तशी मी नाय हां बाबल. माका जगूचा आसा. लेकीचा बाळंतपण करूचा आसा. खोटां कित्याक बोलू?"

"मी काय बोललंय?"

"तू बोलणंस नाय, म्हणानच सांगतंय. आणि त्या झोळयेची गोष्ट माका सांगूक नको होती. आता यंत्रार पडलंय की तीच डोळ्यासमोर येतली. मी हय नळयेन टांगलेली, तो थय नळयेन टांगलेलो." ती हसली. "बरी जोडी."

बाबल टोपात सुपाऱ्या घालून पारूकडे गेला. जाताना त्याची नजर सारखी टोप धरलेल्या हातावर जात होती. तो हात, बघा, तोच खरा फास होता. कौल लावणाऱ्या गुरवाला पाकळीची सगळी गुपितं ठाऊक असतात. पाणी नेमकं असलं तर पाकळी धरून राहते, जरा जास्त झालं की घसरते. बाबलने जन्मात कधी तसं केलं नव्हतं. पण करता येतं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. बायकोला वाचवायचं तर एक थेंब पुरे होता. बैलाला वाचवायचं तरीही एक थेंब, फक्त दुसऱ्या बाजूला. आणि देवावर सोडायचं म्हटलं, तर देवावर सोडायलाही त्याचाच हात.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या वाटेवर सरपंच दळवी आडवे आले. पांढरं धोतर, खिशात दोन फोन. बाबलच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "बाबल, आज हात जरा ओलो ठेव हां."

"हात माझो आसा, अप्पा. कौल देवाचो."

"व्हय रे, देवाचोच! पण देवाक पण कळाक होया ना, आठ गावां तोंडाकडे बघतहत. तुझी आनंदी पण. मी काय चुकीचा बोलतंय?"

चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

देऊळ भरलं होतं. साठेसाहेब मांडी घालून पुढं बसले होते. भला माणूस, उगाच कशाला नावं ठेवायची? झोळीची चित्रं दाखवताना त्यांचाही आवाज बसला होता. म्हणाले, "मला तरी कुठे आवडतंय हे? पण दवाखाना बंद करायचा हुकूम काढणारा मीच असणार ना." मागं खांबाला टेकून आग्नेसबाई उभी, क्रूस मुठीत. आनंदी पायरीवर. ये म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबलने तांब्यात बोटं बुडवली. दोन पाकळ्या उचलल्या. अंगठा जरा जास्तच ओला लागला. त्याला वाटलं, सगळं देऊळ त्या अंगठ्याकडे बघतंय. असला हात काहीही करून बसेल. वेळ काढायला म्हणून त्याने गाऱ्हाणं लांबवलं.

"बा देवा गांगेश्वरा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माडवळ गावाच्या चारय शिवेच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां तुझ्या दारात जमली हत, ती काय खेळूक जमली नाय!"

"व्हय म्हाराजा!" साठेसाहेबही म्हणाले. पहिल्या भेटीपासून त्यांना हे फार आवडायचं.

"सहा वर्षांमागे ह्याच जाग्यार उभ्या ऱ्हवान आमी तुका बोललांव, देवा, तुझो बैल आमी गावाच्या उजेडासाठी मागान नेतांव..."

"व्हय म्हाराजा!"

आणि बाबल थांबला.

मागान नेतांव. मागून नेतो. हेच बोलला होता तो तेव्हा, सगळ्यांदेखत. दे म्हणाला नव्हता, दान म्हणाला नव्हता. माडवळात कुणी काही मागून नेतं म्हणजे काय करतं? त्याच्या नाकात एकदम पारूच्या चुलीचा वास आला. टोप. सुपाऱ्या. पायरीवर बसलेली आनंदी आणि तिचं तोंड.

त्याचा आवाज आपोआप वर चढला.

"मागान नेलेली वस्तू परत करूची लागता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पयलो टोप परत केल्याशिवाय दुसऱ्यांदा त्याच दारात मागूक जाव नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी बायकांचा आवाज पुरुषांच्या वर गेला.

"तर देवा, आज आमी तुका काय एक विचारणांव नाय! आधी तुझो बैल तुझ्या राईत पोचवतांव, मग काय तां बोलतांव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देऊळ दणाणलं. मग हळूहळू, दूध उतू जाऊन खाली बसावं तशी शांतता पसरली. आपण कशाला व्हय म्हटलं, ते एकेकाच्या डोक्यात शिरायला लागलं. बाबलने दोन्ही पाकळ्या परत ताटलीत ठेवल्या.

"बाबल!" सरपंच ताडकन उठले. "मेल्या, ह्यां काय करून ठेवलंस? मी आपला नेहमीसारख्या व्हय म्हटलंय!"

"मग? मी पण नेहमीसारख्याच बोललंय."

"अहो, पण हा शब्दांचा खेळ झाला," साठेसाहेब म्हणाले.

"साहेब," खांबाकडून आग्नेसबाई बोलली, "मालकाची संमती तुमच्याच समितीन मागितली. आता मालक म्हणता, माझी वस्तू परत करा. आणि तुमी पण व्हय म्हटलात. मी आयकलंय."

साहेबांनी पुढ्यातली झोळीची चित्रं गोळा केली. मग अगदी हळू म्हणाले, "आणि दवाखाना?"

सगळ्यांच्या माना पायरीकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघतास?" आनंदी म्हणाली. पदराचं टोक तिने बोटाला घट्ट गुंडाळलं होतं, बोट पांढरं पडेपर्यंत. "मी पण व्हय म्हटलंय. आणि भियालंय पण."

त्याच दुपारी गोठ्याचं दार उघडलं. पाटावर पाय ठेवावा तसा शाळग्याने मातीवर पाय ठेवला, काढला, परत ठेवला. कितीतरी वेळ तो दारातच उभा होता. लोक कंटाळले. कुणीतरी म्हणालं, विसरलो तो. मग त्याने नाक वर केलं आणि राईत शिरला. फांद्या हलल्या, थांबल्या. संपलं.

त्यानंतर टाक्या एकेक करून मलूल पडायला लागल्या. आधी बर्फाचे कारखाने बंद केले. मग रस्त्यावरचे दिवे. मग घरातले, फक्त जेवणापुरते. बंदरावरची माणसं बाबलच्या दारावरून जाताना थुंकायची. सरपंच बोलायचे बंद झाले. उरलेली सगळी वीज दवाखान्याकडे वळवली, आणि आनंदी यंत्रावर पडली की बाबल त्याची घरघर कान देऊन ऐकत बसायचा. घरघर जरा अडखळली की तो उठून यंत्राशी जायचा.

आग्नेसबाईचं म्हणणं एवढंच होतं, की राईतलं खाणं खाऊन विरजण पातळ होईल, पण मरणार नाही. आठ गावांना पुरायचं नाही, एका दवाखान्याला कदाचित पुरेल. पण ते काढायचं कसं? राईत तर माणसाला मज्जाव. बैलाने आपल्या पायांनी शिवेवर यायला हवं. आणि एकदा काचेआड सहा वर्षं काढलेलं जनावर माणसाकडं परत कशाला येईल?

रोज सकाळी बाबल टिळ्याची ताटली घेऊन राईच्या शिवेवर बसायचा. बाई बरणी आणि नळी घेऊन बसायची. टाकीत शेवटची धुगधुगी राहिली तेव्हा आनंदीही येऊन बसली. "घरात बसान काय करू? मरणाची वाट बघूची तर हय वारो तरी बरो आसा."

आणि त्या सकाळी तो आला.

आधी पाचोळा वाजला. मग काळं नाक, मग शिंग, शिंगाला अडकलेली वेल. गुडघ्यांना चिखल होता. पाय अजून जडच, पण थरथर नव्हती. शिवेच्या दगडाशी येऊन तो थांबला. डाव्या कुशीतली खिडकी बाईकडे.

बाई बरणी घेऊन उठली. बाबलने हात आडवा केला.

"विचारलंस काय त्याका?"

"कसा विचारू, काका?" तिचा आवाज फुटला. "सहा वर्षांत सगळ्यांची संमती घेतली. मालकाची, समितीची, संस्थेची. जनावराक विचारूची रीतच नाय आमच्यात."

"आमच्यात आसा," बाबल म्हणाला.

त्याने ताटलीतल्या दोन पाकळ्या उचलल्या. हात धोतराला खसाखसा पुसले, अंगठा सुद्धा. मग नेमकं पाणी घेतलं, थेंबही जास्त नाही. बैलाने कपाळ पुढं केलं, काचेमागं करायचा तसंच. फक्त आता काच नव्हती, आणि त्याचा ऊन श्वास बाबलच्या मनगटावर आला. कपाळाच्या दोन अंगांना दोन पाकळ्या चिकटल्या.

"बा शाळग्या म्हाराजा," बाबल हळूच म्हणाला, "परत केलेली वस्तू परत मागूक इलांव. दितलंस तर उपकार, नाय तर राग नाय."

"व्हय म्हाराजा," दोघी म्हणाल्या. आग्नेसबाईने छातीवर क्रूसाची खूण केली.

बैलाने एकदा कान झाडला. पाकळ्या तशाच. मग एक सुटली, नाकावरून घरंगळली आणि मातीत पडली.

"उजवी!" बाई जवळजवळ ओरडलीच. "काका, उजवी पडली!" बरणी सावरत ती दगड ओलांडायला निघाली.

"थांब गे बाय," आनंदी म्हणाली. ती बैलाच्या तोंडाकडे बघत होती. बैल तिच्याकडे बघत होता. खाली, दवाखान्याच्या बाजूने, यंत्राची घरघर अडखळत येत होती.

"काय झालां?" बाबलने विचारलं.

"उजवी कोणाची धरूची रे?" आनंदी म्हणाली. "आपली, की त्याची?"